वाफेचं पहिलं इंजिन वाफेच्या जोरावर चालत नव्हतं

पाणक्या (धागाकर्ता)

शीर्षक वाचून भांडायला येणाऱ्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं, मग यावं. मी इथेच आहे.

नोकरीमुळे मी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ राहतो. गेल्या शनिवारी लेकीला घेऊन डडलीच्या ब्लॅक कंट्री म्युझियमला गेलो होतो. तिथे विटांचं एक उंच, अरुंद, खिडक्या कमी असलेलं घर आहे. त्याच्या भिंतीवर एक जाडजूड लाकडी तुळई तोललेली आहे, अर्धी घरात, अर्धी बाहेर. १७१२ साली थॉमस न्यूकमनने डडलीच्या किल्ल्याजवळ कोळशाच्या खाणीवर उभारलेल्या इंजिनाची ही पूर्ण मापाची प्रतिकृती, १९८६ पासून तिथे आहे. आमच्या नशिबाने त्या दिवशी ते चालू होतं.

वाफेचं इंजिन म्हटलं की माझ्या डोक्यात झुकझुक येते. इथे तसलं काहीच नाही. तुळईचं बाहेरचं टोक सावकाश खाली जातं, आतलं वर येतं. मग क्षणभर सगळं थांबतं. मग एक नळ खटकन उघडतो, आत कुठेतरी पाण्याचा फुसकारा ऐकू येतो आणि तुळई आतल्या बाजूला अशी हिसका मारून खाली येते की पायाखालची फळी हलते. पुन्हा सावकाश, पुन्हा थांबणं, पुन्हा हिसका. म्हातारं माणूस धापा टाकत विहिरीचं पाणी शेंदतंय असं वाटत होतं.

आता मुद्दा. तुळईच्या बाहेरच्या टोकाला खाणीत उतरणाऱ्या पंपाच्या दांड्या लटकतात. त्या जड असतात, त्यांच्याच वजनाने ते टोक खाली जातं आणि आतल्या टोकाला साखळीने बांधलेला पिस्टन (सिलिंडरमध्ये वरखाली सरकणारा दट्ट्या) वर ओढला जातो. पिस्टन वर जाताना त्याच्याखाली सिलिंडरमध्ये वाफ भरत जाते. बॉयलरमधल्या या वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम जास्त असतो. ती पिस्टनला ढकलत नाही, फक्त जागा भरते. सिलिंडर भरला की वाफेचा नळ बंद होतो आणि आत गार पाण्याचा फवारा सुटतो. वाफेचं पाणी होतं, पाण्याला जागा लागते कितीशी? आत पोकळी. पिस्टनच्या वर मात्र सिलिंडर उघडाच आहे, डोक्यावर अख्खं वातावरण बसलेलं. ते पिस्टनला दाबून खाली घालतं, तोच तो हिसका. म्हणजे काम करते हवा. वाफ फक्त सिलिंडरमधली हवा हाकलून जागा अडवते आणि वेळ आली की नाहीशी होते.

थॉमस बार्नी नावाच्या माणसाने १७१९ साली या इंजिनाचं चित्र कोरून छापलं, त्यावर आकडे आहेत. सिलिंडर २१ इंच रुंद, आठ फुटांना थोडा कमी उंच. मिनिटाला १२ हिसके. प्रत्येक हिसक्याला १० गॅलन पाणी, १५३ फूट खोलीवरून. मी हिशेब केला. मिनिटाला साधारण ५४० लिटर, तासाला बत्तीस हजार. आपल्याकडचे दहा हजारी टँकर तासाला तीन! ताकद मात्र साडेपाच हॉर्सपॉवर. तीन मजली घर, एवढी तुळई, गवताच्या गंजीच्या आकाराचा बॉयलर (इंग्रजीतही त्याला गंजीच म्हणत), आणि ताकद आमच्या गावच्या विहिरीवरल्या मोटरीइतकी.

शिवाय खादाड. जाळलेल्या कोळशातल्या उष्णतेपैकी एक टक्कासुद्धा कामी येत नसे. प्रत्येक फेरीला तोच सिलिंडर तापवायचा, गार करायचा, पुन्हा तापवायचा. तरी हे यंत्र साठ वर्षं मुळात तसंच राहिलं. आता कळतं ते तेव्हा कुणाला कळलं नाही, इतके का लोक अडाणी होते? मला नाही वाटत. इंजिन उभं होतं कोळशाच्या खाणीच्या तोंडावर. खाणीतून मोठे ढेकळ बाजारात जात, बारीक चुरा कुणी विकत घेत नसे, त्याचे ढीग तिथेच पडून. इंजिन तो चुरा खायचं. फुकट गिळणाऱ्याच्या भुकेची काळजी कोण करतो?

जाता जाता एक. त्या काळी याला वाफेचं इंजिन म्हणणारे थोडे, बहुतेक लोक आगीचं इंजिन म्हणत. थॉमस सेव्हरीने १६९८ साली पेटंट घेतलं ते 'आगीच्या जोराने पाणी चढवण्याचं'. इंग्रजांनी पुढे नाव बदलून वाफेवर आणलं. आपण मात्र आगगाडी आणि आगबोट म्हणत राहिलो. जास्त बरोबर कोण, ते तुम्ही ठरवा.

---

शंकेखोर

शीर्षक यूट्यूबछाप आहे, पण लेख चांगला आहे म्हणून माफ.

शंका : मग जेम्स वॅट, आजीची किटली, उडणारं झाकण वगैरे? आम्हाला शाळेत वॅटने वाफेच्या इंजिनाचा शोध लावला असंच शिकवलं. परीक्षेत दोन मार्कही मिळाले होते.

---

पाणक्या

@शंकेखोर, ते दोन मार्क परत करा. :)

न्यूकमन वारला १७२९ मध्ये, वॅट जन्मला १७३६ मध्ये. वॅट किटलीकडे बघण्याच्या वयाचा झाला तेव्हा इंग्लंडात न्यूकमनची इंजिनं शेकड्याने मोजावी लागत होती. वॅटने इंजिनाचा शोध लावला नाही, ते दुरुस्त करायला घेतलं. अगदी शब्दशः. १७६३ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठाने वर्गात दाखवायचं न्यूकमनचं छोटं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला दिलं, तिथून पुढची गोष्ट.

---

खडूफळा

धागा आवडला. नववीला वातावरणाचा दाब शिकवतो, तिथे हे वापरणार, धागाकर्त्याची परवानगी गृहीत धरून.

आकड्यात थोडी भर. २१ इंच व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ होतं साधारण ३४६ चौरस इंच. दर चौरस इंचावर हवेचा भार १४.७ पौंड. पोकळी परिपूर्ण असती तर पिस्टनवर पाच हजार पौंडांच्या वर, म्हणजे सव्वादोन टनांहून जास्त. प्रत्यक्षात पोकळी अर्धीमुर्धीच व्हायची, कारण आत गरम पाणी आणि पाण्यातून सुटलेली हवा उरायची. ती हवा बाहेर टाकायला न्यूकमनने वेगळी झडप ठेवली होती. दर फेरीला तिचा सर्दी झाल्यासारखा 'सूं' आवाज यायचा.

हवेला वजन असतं हे तोरिचेल्लीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने दाखवलं. गेरिकेने १६५० च्या दशकात दोन पोकळ अर्धगोल एकमेकांना लावून, आतली हवा काढून, ते घोड्यांनाही ओढून वेगळे होत नाहीत हे दाखवलं. पापँने १६९० मध्ये वाफेने पोकळी करून पिस्टन खाली आणण्याची कल्पना मांडली. हे सगळे शिकलेले लोक. आणि ज्याने हे प्रत्यक्षात राबवलं तो न्यूकमन डेव्हनमधल्या डार्टमथचा लोखंडी सामानाचा दुकानदार. जोडीदार जॉन कॅली, शिशाचे नळ बसवणारा. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

---

ओवी

त्याला पेटंट मिळालं का हो? की नेहमीप्रमाणे दुसऱ्याच्या नावावर?

---

पाणक्या

@ओवी, नेहमीप्रमाणे. सेव्हरीचं पेटंट इतकं ऐसपैस लिहिलेलं होतं, 'आगीने पाणी चढवणं' म्हणजे सगळंच त्यात आलं. वर संसदेने त्याची मुदत १७३३ पर्यंत वाढवून दिली. सेव्हरीचं स्वतःचं यंत्र बिनपिस्टनचं, टाकीत वाफ भरून गार करायची आणि पाणी खालून ओढून घ्यायचं. ओढून किती येणार? तीस फुटांच्या आत. पुढे वर ढकलायला जास्त दाबाची वाफ लागे आणि त्या काळचे सांधे ते सोसत नसत. खोल खाणीत ते यंत्र जवळपास निरुपयोगी. पण न्यूकमनला आपलं यंत्र त्याच्याच छत्राखाली विकावं लागलं. बार्नीच्या त्या चित्राच्या मथळ्यातही सेव्हरीचं नाव आधी आहे!

१७१५ मध्ये सेव्हरी गेल्यावर पेटंट एका भागीदार मंडळाकडे गेलं. ते खाणमालकांकडून भाडं घेत. स्कॉटलंडमधल्या एडमनस्टन खाणीचा १७२५ चा करार माहीत आहे, वर्षाला ८० पाउंड. इंजिनाचा खर्च हजार पाउंडांच्या आसपास, त्यात निव्वळ पितळी सिलिंडरचे अडीचशे. न्यूकमनचं एकही चित्र उपलब्ध नाही. लंडनच्या बनहिल फील्ड्समध्ये पुरलं, पण नेमकी जागा कुणाला माहीत नाही.

---

निवृत्त पॅनमन

पाणक्याभाऊ, तुम्ही तिकडे तिकीट काढून बघून आलात, मी त्याच्यासमोर एकतीस गळीत हंगाम काढले. साखर कारखान्यात पॅनवर होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाचा रस उघड्या काहिलीत आटवला तर तापमान वाढतं, रंग जातो, साखर करपते. म्हणून बंद पॅनमध्ये व्हॅक्यूमखाली उकळतात, साठ-पासष्ट अंशाला. ते व्हॅक्यूम कसं करायचं? पॅनमधून निघालेली वाफ वरच्या कंडेन्सरमध्ये नेतात आणि तिच्यावर गार पाण्याचा फवारा सोडतात. वाफेचं पाणी झालं की व्हॅक्यूम. त्या पाण्याला आम्ही इंजेक्शनचं पाणी म्हणतो. आणि कंडेन्सरमधून खाली येणारा पाइप दहा मीटरच्या वर उंच ठेवावा लागतो, नाहीतर बाहेरची हवा खालचं पाणी उलटं कंडेन्सरमध्ये चढवते. सेव्हरीसाहेबाचे तीस फूट म्हणजे हेच आमचे दहा मीटर. नवा इंजिनिअर आला की आम्ही त्याला पहिला हाच प्रश्न विचारायचो, पाइप इतका उंच का? निम्मे जण पाणी वेगाने पडावं म्हणून असं सांगायचे.

हवेचा जोर काय असतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा मळीचा टँकर आतून वाफेने धुतला. पोरांनी धुवून झाल्यावर झाकण आणि खालचा कॉक दोन्ही बंद केले आणि जेवायला गेली. वळवाची सर आली. धाडकन आवाज झाला म्हणून आम्ही धावलो, तर टँकर पायाखाली दाबलेल्या डब्यासारखा पिचकलेला. कुणी हात लावला नव्हता. ड्रायव्हर म्हणत होता बाहेरून कुणीतरी धडक दिली.

आता तुमच्या चुऱ्याबद्दल. गुऱ्हाळावर कोणी कधी विचारतं का, एका आधणाला किती चिपाडं जळली? चिपाड आपलंच, चुलाणात जाळ घालायचा, झालं. कारखान्यातसुद्धा जुन्या काळी बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, कसा जळायचा ते विचारू नका, उरलेल्या बगॅसचं काय करायचं हीच डोकेदुखी. ज्या दिवशी कारखाने वीज विकायला लागले आणि बगॅसला भाव आला, त्या दिवसापासून मॅनेजर वाफेच्या किलोकिलोचा हिशेब मागायला लागला. तोवर आम्ही अडाणी नव्हतो आणि नंतर हुशारही झालो नाही.

---

हिशेबनीस

पॅनमनकाका, तुम्ही धाग्याचं सगळं सार दोन ओळींत सांगून टाकलंत. त्याला पुरावा म्हणून कॉर्नवॉलची गोष्ट जोडतो.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा हा प्रदेश. तिथे कथील आणि तांब्याच्या खोल खाणी, पाणी प्रचंड, आणि कोळसा अजिबात नाही. सगळा कोळसा साउथ वेल्समधून जहाजाने यायचा, वर खेचरांवर लादून खाणीपर्यंत. खाणमालकांनी इतकी बोंब मारली की १७४१ मध्ये संसदेने या खाणींच्या कोळशावरचा कर परत द्यायचा कायदा केला. म्हणजे तेच न्यूकमनचं इंजिन डडलीत फुकट जेवत होतं आणि कॉर्नवॉलमध्ये मालकाचं दिवाळं काढत होतं.

इंजिनाची तब्येत मोजायला तेव्हा एक माप होतं. एक बुशेल कोळशात, म्हणजे साधारण ३८ किलोत, किती पौंड पाणी किती फूट चढलं. जॉन स्मीटनने १७६९ मध्ये न्यूकॅसलकडची पंधरा इंजिनं तपासली, सरासरी निघाली साधारण ५६ लाख फूट-पौंड. मग त्याने काहीही नवा शोध न लावता फक्त मापं नीट केली, गळती थांबवली, बॉयलर सुधारला आणि १७७२ च्या लाँग बेंटनच्या इंजिनात आकडा साडेचौऱ्याण्णव लाखांवर नेला. तत्त्व तेच. म्हणजे सुधारणेला वाव होता, गरज नव्हती.

वॅटने काय केलं? मॉडेल दुरुस्त करताना त्याच्या लक्षात आलं की वाफेचा मोठा भाग फक्त गार झालेला सिलिंडर पुन्हा तापवण्यात जातो. १७६५ च्या मे महिन्यातल्या एका रविवारी ग्लासगोच्या मैदानात फिरताना त्याला सुचलं की वाफ गार करायची ती वेगळ्या भांड्यात. सिलिंडर कायम गरम, कंडेन्सर कायम गार. पेटंट १७६९ चं. पण पहिली मोठी इंजिनं चालू झाली १७७६ मध्ये. मधली सात वर्षं कुठे गेली? पैशात आणि सिलिंडरमध्ये. पहिला भांडवलदार जॉन रोबक बुडाला, मग मॅथ्यू बोल्टन आला. आणि वॅटच्या इंजिनात न्यूकमनच्यासारखं पिस्टनवर पाणी ठेवून फट बुजवता येत नव्हती, पाण्याने सिलिंडर पुन्हा गार झाला असता. त्यामुळे सिलिंडर अचूक गोल हवा. तो मिळाला जॉन विल्किन्सनकडे, ज्याने तोफा कोरण्यासाठी नवं यंत्र बनवलं होतं. बोल्टनने कौतुकाने लिहिलं की ५० इंची सिलिंडरमध्ये कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही. म्हणजे शोध लागून दहा वर्षं तो तोफेची वाट बघत बसला होता.

आता धंदा. वॅटचं इंजिन स्मीटनच्याही दुपटीहून जास्त चांगलं, बुशेलमागे दोन कोटींच्या वर. बोल्टन-वॅट इंजिन 'विकत' नसत. न्यूकमनच्या इंजिनाच्या तुलनेत जो कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश द्या, असा करार. तुळईवर कुलूप लावलेली पेटी, आत फेऱ्या मोजणारं यंत्र, किल्ली यांच्याकडे. रिक्षाच्या मीटरसारखंच! कॉर्नवॉलमध्ये पहिलं इंजिन १७७७ ला आलं आणि काही वर्षांत तिथली जवळपास सगळी जुनी इंजिनं गेली. कोळशाच्या खाणींवर मात्र ढिम्म. १८०० साली वॅटची पेटंटमुदत संपली तेव्हा बोल्टन-वॅटची इंजिनं पाचशेच्या आसपास होती. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये एकूण इंजिनं दोन हजारांवर उभी राहिली, त्यातली बहुतेक जुन्या पद्धतीची. ज्याला कोळसा फुकट, तो वॅटला एक तृतीयांश कशाला देईल?

---

शंकेखोर

म्हणजे वॅट हा सबस्क्रिप्शनवाला निघाला. आणि पेटंटवर बसून इतरांना अडवायचा ना? मी कुठेतरी वाचलंय.

---

हिशेबनीस

@शंकेखोर, अडवायचाच. १७७५ मध्ये संसदेकडून मुदत १८०० पर्यंत वाढवून घेतली. जोनाथन हॉर्नब्लोअरने एकाऐवजी दोन सिलिंडरांत वाफ वापरायचं इंजिन १७८१ मध्ये काढलं, पण गार करायचं भांडं वेगळं म्हणजे वॅटचं, या मुद्द्यावर वॅटच्या पेटंटने त्याची वाट अडवली. १८०० नंतर कॉर्नवॉलमध्ये उलटं झालं. १८११ पासून खाणीखाणींतल्या इंजिनांचे आकडे दर महिन्याला छापून यायला लागले, ते जोएल लीन याने सुरू केले. कुणाचं इंजिन बुशेलमागे किती, सगळ्यांना दिसतं. इंजिनिअरांत चुरस लागली. १८३५ मध्ये फोवी कॉन्सोल्स या खाणीतल्या एका इंजिनाने चाचणीत साडेबारा कोटी गाठले. पण म्हणून वॅट खलनायक असं मी म्हणणार नाही. पेटंट नसतं तर बोल्टनने पैसा घातला नसता, हेही तितकंच खरं.

---

खडूफळा

एक राहिलं. वॅट जास्त दाबाच्या वाफेला आयुष्यभर घाबरला आणि त्याची भीती अगदी खोटी नव्हती. रिचर्ड ट्रेव्हिथिकने जास्त दाबाचं, कंडेन्सर नसलेलं लहान इंजिन बनवलं, जे खऱ्या अर्थाने वाफेच्या जोरावर चालतं. धागाकर्त्याच्या शीर्षकातली वाफ इथे कुठे कामाला लागली. २१ फेब्रुवारी १८०४ ला वेल्समध्ये पेनिडॅरनच्या लोखंडी रुळांवर त्याच्या इंजिनाने दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं ओढली. पण त्याच्या पाच महिने आधी, सप्टेंबर १८०३ मध्ये, ग्रीनिचला त्याचा एक बॉयलर फुटून चार माणसं मेली होती. वाफ सोडणारी झडप अडकवून ठेवलेली होती. त्यानंतर ट्रेव्हिथिकने बॉयलरला शिशाची गुडदी बसवायला सुरुवात केली. पाणी कमी झालं की शिसं वितळून वाफ सुटते.

---

निवृत्त पॅनमन

@खडूफळा, मास्तर, ती गुडदी म्हणजे फ्युजिबल प्लग. आमच्या जुन्या बॉयलरला होता. ती त्याची आहे होय! इन्स्पेक्शनला साहेब आले की आधी तोच बघायचे.

---

ओवी

सगळे फूट-पौंडात रमलात. खाणीतल्या माणसांचं काय? पाणी उपसलं म्हणजे खाणी आणखी खोल गेल्या असणार.

---

पाणक्या

@ओवी, बरोबर बोललात, मूळ धाग्यात मी हे टाकायला हवं होतं.

न्यूकमनच्या आधी बऱ्याच खाणींत पाणी लागलं की खाण सोडून द्यायची, नाहीतर घोड्यांच्या रहाटाने उपसत बसायचं. इंजिन आल्यावर खाली जाता आलं, आणि खाली होता जळणारा वायू. न्यूकॅसलजवळच्या फेलिंग खाणीत मे १८१२ मध्ये स्फोट झाला, ९२ माणसं आणि पोरं गेली. वायू पेटू न देणारा डेव्हीचा जाळीचा दिवा आला तो त्यानंतर, १८१५ मध्ये. स्कॉटलंडमध्ये तर कोळसाखाणीतला मजूर कायद्याने खाणीला बांधलेला होता, खाण विकली की मजूरही तिच्यासोबत. हे १६०६ च्या कायद्यापासून, आणि पूर्ण सुटका झाली १७९९ मध्ये. म्हणजे वर ज्या एडमनस्टन खाणीच्या ८० पाउंडांच्या कराराचं मी कौतुकाने लिहिलं, तिथे इंजिन भाड्याचं होतं आणि माणसं बांधलेली.

इंजिनाजवळच्या माणसांचं सांगायचं तर एक आग घालणारा आणि एक नळ सांभाळणारा, रात्रंदिवस पाळीने. हम्फ्री पॉटर नावाच्या पोराला नळ उघडझाप करायला ठेवलं होतं, त्याने खेळायला वेळ मिळावा म्हणून दोऱ्या बांधून नळ तुळईलाच जोडले आणि इंजिन आपोआप चालू लागलं, अशी एक लाडकी गोष्ट आहे. ती छापली देझागुलिए या शास्त्रज्ञाने १७४४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर तीसेक वर्षांनी. बार्नीच्या चित्रात नळ चालवणारी दांडी आधीपासूनच आहे. आळशी पोराने शोध लावला हे ऐकायला सगळ्यांना आवडतं, म्हणून ती गोष्ट मरत नाही. किटलीसारखीच.

---

मिशिगनचा म्हादू

ज्यांना इंग्लंडला जाणं जमत नाही पण अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी : डेट्रॉइटजवळ डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड म्युझियममध्ये न्यूकमनचं अस्सल जुनं इंजिन आहे. लँकेशरमधल्या अ‍ॅश्टनजवळच्या खाणीवरचं, १७६० च्या सुमाराचं, नाव 'फेअरबॉटम बॉब्स'. फोर्डनेच ते उचलून आणलं. मी पाच वेळा त्याच्यासमोरून गेलोय आणि प्रत्येक वेळी पुढच्या रेल्वे इंजिनाकडे पळालोय. आता थांबून बघेन.

---

पाणक्या

@म्हादू, आणि मूळ जागेवर उभं असलेलं एकच उरलंय, यॉर्कशरमधलं एल्सकार, १७९५ चं. ते १९२३ पर्यंत कामाला होतं. वॅटच्या पेटंटनंतर दीडशे वर्षांहून जास्त! पुन्हा तेच, कोळशाची खाण.

---

लालबागकर

आजोबा गिरणीत इंजिन खात्यात होते, म्हणून दोन शब्द. आपल्याकडे ही इंजिनं आली ती तयार, पुढच्या पिढीची. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मार्च १८३० मध्ये सुएझला निघाली. तिच्यात कोळसा इतका भरला होता की माणसांना जागा उरली नव्हती म्हणतात. वाडिया घराण्यातले अर्देशीर खरशेटजी मुंबईत बसून वाफेची इंजिनं अभ्यासत होते, १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सभासद झाले. दावरांची ताडदेवची गिरणी १८५४ ची. आणि कोळसा? तो मुंबईला नव्हताच, कॉर्नवॉलसारखाच बोटीने यायचा. त्यामुळे हिशेबनीसांचं गणित इथे पहिल्या दिवसापासून लागू होतं. आजोबा सांगायचे, फावडंभर कोळसा खाली सांडला तरी मुकादम ओरडायचा.

---

निवृत्त पॅनमन

पाणक्याभाऊ, एक विचारायचं राहिलं. हिशेबनीसांनी पिस्टनवर पाणी ठेवायचे असं लिहिलंय. ते खाली गळत नव्हतं का?

---

पाणक्या

काका, गळायचंच. तेव्हा पितळी सिलिंडर हाताने घासून गोल करत, फट राहणारच. पिस्टनच्या कडेला चामड्याची चकती आणि वर पाण्याचा थर, वरच्या टाकीतून बारीक धार सतत चालू. फटीतून काही आत जायचंच असेल तर हवा जाण्यापेक्षा पाणी गेलेलं बरं, हवेने पोकळी बिघडते.

---

निवृत्त पॅनमन

म्हणजे ग्लँडला (दांडा आत शिरतो त्या सांध्याला) सील वॉटर. आम्ही व्हॅक्यूम पंपाला तेच करतो. व्हिडिओ काढला असेल तर टाका की, त्या हिसक्याचा आवाज ऐकायचाय.

---

पाणक्या

काढलाय. रात्री टाकतो. नळ उघडायच्या नेमक्या क्षणी लेक "बाबा, हे बंद पडलं का?" असं विचारते, तेवढं सोसून घ्या.